‘सयाजीराव’ नावाचा घोडा

गेल्या पावसाळ्यात संत तुकाराम नगरातील आमच्या शाळेत सामान्यज्ञानाची चढाओढ झाली. परीक्षकाचे काम आमच्याकडे होते. “सयाजीराव कोण?” हा प्रश्न ज्या मुलाच्या वाट्यास आला, तो चाकणकडून रोज येजा करणारा, अबोल, मागच्या बाकावर बसणारा. तो उभा राहिला, क्षणभर थांबला आणि म्हणाला, “सर, घोडा.” त्याबरोबर सभागृहात असा हशा पिकला की त्या पोराचे कान लाल झाले. आम्हीही हसलो, हे येथे कबूल केले पाहिजे. आणि हसत हसतच त्याच्या नावापुढे शून्य मांडले.

चढाओढ संपल्यावर तो आमच्याजवळ आला व हळूच म्हणाला, “माझा मामा पुण्याच्या रेसकोर्सवर मोतद्दार आहे, सर. त्यानेच सांगितले. सयाजीराव घोडा विलायतेत जिंकला होता.” “बरे, पाहू,” असे म्हणून आम्ही त्यास वाटेस लावले. पुढे पुस्तके चाळली तेव्हा मुलगा खरा ठरला. १९४७ साली इंग्लंडातील एक अत्यंत नामांकित शर्यत ‘सयाजीराव’ या घोड्याने जिंकली होती. तो बडोद्याच्या मराठी राजाचा घोडा होता आणि त्याचे नाव मालकाच्या आजोबांचे होते. मुलाचे उत्तर अपुरे असेल, पण खोटे नव्हते. गुणपत्रकातील ते शून्य आता पुसता येत नाही. म्हणून ही हकीकत शाळेच्या वार्षिकात सविस्तर मांडीत आहोत.

प्रथम नावाविषयी. गायकवाड घराणे बडोद्याचे खरे. पण त्यांचे गाव आपल्या अगदी जवळचे आहे. चाकणच्या पुढे खेड तालुक्यात दावडी आहे, ते गायकवाडांचे गाव. त्या तालुक्यातील आमचे विद्यार्थी बैलगाडा शर्यती पाहावयास जातात. तेथे घाटात बैलांच्या पुढे घोडी पळते, हे त्यांना नव्याने सांगावयास नको. या मावळतीच्या टापूतूनच अठराव्या शतकाच्या आरंभी दमाजी गायकवाड तळेगावच्या सेनापती दाभाड्यांच्या हाताखाली स्वारीवर निघाले. १७२० साली बाळापूरच्या लढाईत त्यांनी पराक्रम केला व शाहू महाराजांकडून ‘समशेर बहादूर’ हा किताब मिळविला. त्यांच्यानंतर पिलाजीरावांनी गुजरातेत पाय रोविले. हे सारे राज्य घोड्याच्या पाठीवर बसून मिळविलेले होते. आणि ते घोडेही भीमेच्या खोऱ्यातले, म्हणजे भीमथडीचे. भीमथडीचा घोडा उंचीने बेताचा, दिसावयास साधा, पण चिवट. मूठभर दाण्यावर दिवसभर चालणारा. त्या काळी राज्य जिंकावयास तोच कामी आला. ज्या घोड्याची ही कथा आहे तो मात्र सर्वस्वी निराळ्या जातीचा.

त्या जातीस थरोब्रेड म्हणतात. शुद्ध वंशाचा शर्यतीचा घोडा असा त्याचा अर्थ. ही जात निसर्गाने दिलेली नाही, माणसाने बुद्धिपुरस्सर घडविलेली आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून पुढील काही दशकांत इंग्लंडात पूर्वेकडून काही नर घोडे नेण्यात आले. त्यांपैकी तिघांचा नरवंश आजवर टिकला. बायर्ली तुर्क, डार्ली अरब व गोडॉल्फिन अरब अशी त्यांची नावे आहेत. आज जगात कोठेही, पुण्यास किंवा टोकियोस, थरोब्रेड घोडा दिसला तर पित्याकडून मागे मागे जाता तो या तिघांपैकी एकापाशी पोहोचतो. आणि बहुतेक वेळा डार्ली अरबापाशीच. १७९१ साली या घोड्यांच्या वंशावळीचे पहिले पुस्तक इंग्लंडात निघाले. तेव्हापासून नियम असा की, ज्याचे आईबाप दोन्ही पुस्तकात असतील त्याच शिंगराची नोंद व्हावयाची. गावातल्या देवळात भाटाने वंशावळ वाचावी तसा हा प्रकार आहे. भेद इतकाच की येथे भाटास अतिशयोक्ती करण्याची मुभा नाही.

या पुस्तकी व्यवहारात एक चमत्कारिक रीत आहे, ती मुलांना गंमतीची वाटेल. एकाच घोडीची दोन शिंगरे निरनिराळ्या पित्यांची असली तरी ती सावत्र भावंडे मानतात. परंतु एकाच पित्याची व निरनिराळ्या मातांची शिंगरे भावंडेच मानीत नाहीत! कारण उघड आहे. घोडीचे गर्भारपण अकरा महिन्यांचे, म्हणून तिला वर्षाकाठी फार तर एक शिंगरू होणार. नामांकित घोड्यास मात्र एका वर्षात कित्येक संतती होते. त्या सर्वांना भावंडे म्हणू लागल्यास नात्याला किंमत उरणार नाही. दोन्ही आईबाप तेच असले म्हणजे सख्खा भाऊ. आणि सख्ख्या भावाच्या नात्यावर पैशांच्या राशी ओतल्या जातात. आपल्या कथेचे मर्म या सख्खेपणातच आहे.

सयाजीरावाचा बाप नेआर्को. तो १९३५ साली इटलीत जन्मला. फेदेरिको तेसिओ नावाच्या गृहस्थाने त्याची पैदास केली होती. नेआर्को १४ शर्यतींत धावला आणि चौदाही जिंकला. १९३८ साली पॅरिसची मोठी शर्यत जिंकल्यानंतर त्यास ६०,००० पौंडांस इंग्लंडात विकण्यात आले. पैदाशीच्या घोड्यास एवढी किंमत तोवर कोणीच दिली नव्हती. पुढे महायुद्धात न्यूमार्केटवर बाँब पडण्याची भीती निर्माण झाली, तेव्हा या घोड्यासाठी खास आसरा बांधण्यात आला. माणसांसाठी आसरे अपुरे असण्याचे ते दिवस होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या रक्ताची किंमत लोक किती मानीत याची कल्पना येते. आई रोझी लेजंड ही फ्रान्समध्ये जन्मलेली घोडी. सर एरिक ओल्सन या गृहस्थांच्या मालकीची ती होती. नेआर्कोपासून तिला १९४२ साली जे शिंगरू झाले त्याचे नाव दांते.

दांतेला १९४३ साली लिलावात उभे केले. मालकाने ठरविलेली ३,५०० गिनी ही किमान किंमतदेखील कोणी बोलले नाही. तेव्हा ओल्सन यांनी त्यास स्वतःपाशीच ठेविले. लिलावात नाकारलेले ते शिंगरू पुढच्या वर्षी सहा वेळा धावले व सहाही वेळा जिंकले. १९४५ च्या जूनमध्ये, युरोपातील युद्ध संपून महिनाच झाला असता, त्याने डर्बी जिंकली. त्यानंतर डोळ्यांच्या विकाराने त्यास ग्रासले. त्या सालची सेंट लेजर ही तीन वर्षांच्या घोड्यांची शेवटची व सर्वांत लांब पल्ल्याची मोठी शर्यत त्यास धावताच आली नाही. पुढे तो आंधळा झाला. उत्तर इंग्लंडातील लोकांनी त्याच्यावर जीव टाकला होता. त्यांना केवढी हळहळ वाटली असेल!

दांते डर्बी जिंकला तेव्हा त्याचा सख्खा धाकटा भाऊ एक वर्षाचा होता. त्याच वर्षी त्यासही न्यूमार्केटच्या लिलावात आणले. जे आईबाप दोन वर्षांपूर्वी साडेतीन हजारांसही भारी वाटले होते, त्यांच्याच मुलास आता २८,००० गिनी पडल्या. घेणारे होते बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड. एक वर्षाच्या शिंगरास इतकी किंमत पूर्वी कधी आली नव्हती. त्याने अद्याप खोगीरदेखील पाहिले नव्हते. अंगी काय आहे हे ठाऊक नसता केवळ भावाच्या यशावर ही बोली झाली.

मुलांना अंकगणित आवडो वा न आवडो, येथे थोडा हिशेब केला पाहिजे. गिनी म्हणजे २१ शिलिंग. तेव्हा २८,००० गिनींचे २९,४०० पौंड झाले. त्या काळी रुपयास १ शिलिंग ६ पेन्स असा दर होता. म्हणजे रुपयांत ही रक्कम ३,९२,००० होते. आता ज्यांचे नाव त्या घोड्यास दिले त्या सयाजीराव महाराजांनी १९१३ साली भीमराव आंबेडकर नावाच्या एका तरुणास अमेरिकेत शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली होती. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. एकूण ४१४ पौंड. भागाकार करून पाहा. एका शिंगराच्या किमतीत अशा ७१ शिष्यवृत्त्या झाल्या असत्या. १९१३ चा पौंड व १९४५ चा पौंड यांचे मोल सारखे नव्हते, हे खरे. त्यामुळे हिशेब काहीसा कमी होईल. तरीही तो अस्वस्थ करतोच. हे आम्ही महाराजांना दूषण देण्यासाठी लिहीत नाही. पैसा त्यांचा होता की प्रजेचा, हा प्रश्न बडोद्याच्या प्रजेनेच पुढे विचारला, तो यथाक्रम येईल.

नावाची निवड मात्र आम्हास विचार करावयास लावते. सयाजीराव महाराज १८६३ साली नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी शेतकरी गायकवाडांच्या घरी जन्मले. त्यांचे नाव गोपाळ. १८७५ साली मल्हारराव पदच्युत झाल्यावर खंडेरावांच्या विधवा राणी जमनाबाई यांस दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. कवळाण्याहून मुले बडोद्यास नेण्यात आली, त्यांतून गोपाळची निवड झाली. त्या वेळी हा बारा वर्षांचा मुलगा लिहू-वाचू शकत नव्हता. घराण्याशी रक्ताचे नाते होते म्हणून त्यास गादी मिळाली, हे खरे. परंतु मागाहून त्या मुलाचा जो राजा झाला तो रक्ताने नव्हे. कित्येक वर्षे पहाटेपासून चाललेल्या अभ्यासाने झाला. अक्षरशत्रू म्हणून आलेल्या त्या मुलाने १८९३ साली अमरेली भागात व १९०६ साली सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. १९३९ साली ते वारले. त्यांचे थोरले चिरंजीव आधीच निवर्तले होते, म्हणून नातू प्रतापसिंहराव गादीवर आले. या नातवाने आजोबांच्या नावाने काय उभारावे, तर एक विद्यापीठ आणि एक घोडा! बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ साली स्थापन झाले. घोडा त्याआधीच धावून आला होता.

प्रतापसिंहरावांचा घोड्यांचा नाद जुना होता. मुंबईस महालक्ष्मीच्या मैदानावर १९४३ साली पहिली इंडियन डर्बी झाली, ती त्यांच्याच ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ या घोडीने जिंकली. तिच्या पाठीवर एडगर ब्रिट नावाचा ऑस्ट्रेलियन स्वार होता. युद्ध संपताच महाराजांनी विलायतेकडे मोर्चा वळविला. न्यूमार्केटजवळ टेकडीवरील वॉरन प्लेस ही जागा त्यांनी घेतली व सॅम आर्मस्ट्राँग या अनुभवी ट्रेनरास तेथे बसविले. ब्रिटही तेथे गेला. सयाजीराव वाढला तो या तबेल्यात.

ट्रेनर हा घोड्याचा शिक्षकच. आम्हा मास्तरांना त्याच्याविषयी आपुलकी वाटणे साहजिक आहे. एक वर्षाचे शिंगरू त्याच्या हाती येते ते अगदी मोकाट असते. सहा महिन्यांचे असता त्यास आईपासून तोडलेले असते. कुरणात दुडदुडणे एवढेच त्यास ठाऊक. प्रथम त्याच्या तोंडात लोखंडी कडी देऊन लांब दोरीवर गोल फिरवितात. मग पोटावर तंग आवळतात. मग रिकामे खोगीर ठेवितात. आणि शेवटी एखादे हलके पोर त्याच्या पाठीवर केवळ आडवे पडते. या पायऱ्यांत एखादी घाईने ओलांडली, तर घोडा जन्मभर बुजरा राहतो. मारून शिकविलेला घोडा पळतो, पण भीतीने पळतो, आणि भीतीने पळणारा शेवटच्या फर्लांगात दगा देतो. आमच्या विद्यार्थ्याच्या मामाचेही हेच मत आहे. त्याचा दिवस झुंजुमुंजू होण्यापूर्वी सुरू होतो. घोड्याचे पाय हाताने चाचपून कोठे ऊन लागते का पाहावयाचे, हे त्याचे पहिले काम. कारण या जातीचे सारे वैभव मनगटाएवढ्या जाडीच्या हाडावर उभे असते.

वयाचीही एक मौज आहे. शिंगरू जानेवारीत जन्मो वा मे महिन्यात, शर्यतीच्या हिशेबी सर्वांचा वाढदिवस १ जानेवारीसच. इंग्लंडात तसे आणि आपल्या देशातही तसेच. म्हणून पैदास करणाऱ्यांची धडपड असते की शिंगरू वर्षाच्या आरंभी जन्मावे. मेमधले बिचारे चार महिन्यांनी लहान असून त्याच वर्गात बसते. शाळेत ज्यांचा जन्म जूनच्या उंबरठ्यावर झाला आहे त्यांना या शिंगराचे दुःख समजेल.

सयाजीराव तीन वर्षांचा झाला ते साल १९४७. या वयातच घोड्याची खरी परीक्षा असते, कारण मानाच्या शर्यती तीन वर्षांच्या घोड्यांपुरत्याच असतात व त्या जन्मात एकदाच धावता येतात. नापास झाल्यास पुन्हा बसण्याची सोय नाही. पहिली न्यूमार्केटची दोन हजार गिनींची शर्यत, पल्ला एक मैल. तीत ट्युडर मिनस्ट्रेल नावाच्या घोड्याने बाकीच्यांना आठ लांबी मागे टाकिले. सयाजीराव तिसरा आला. महागड्या घोड्याविषयी लोक कुजबुजू लागले असल्यास नवल नाही. तथापि आर्मस्ट्राँग यांनी त्यास लिंगफील्ड येथे दीड मैलाच्या चाचणी शर्यतीत उतरविले, ती तो जिंकला.

७ जून रोजी एप्समची डर्बी झाली. पल्ला दीड मैल, म्हणजे सुमारे २,४०० मीटर. आठ लांबींनी जिंकलेला ट्युडर मिनस्ट्रेल हाच सर्वांच्या तोंडी होता. पण एक मैलाचा सिंह दीड मैलात दमला. स्वाराशी झगडत तो चौथा आला. पहिला आला तो कोणाच्या ध्यानीमनी नसलेला, फ्रान्सहून आलेला पर्ल डायव्हर. ज्याच्यावर एकास चाळीस असा भाव होता. दुसरा मिगोली, तिसरा पुन्हा सयाजीराव. हा मिगोली आगाखानांचा घोडा. येरवड्याचा जो आगाखान वाडा मुले सहलीत पाहून येतात तो बांधविणारे तेच आगाखान.

एकास चाळीस हे शब्द आले, तेव्हा पालकांच्या मनात जी शंका आली असेल तिचे उत्तर देऊन पुढे जाऊ. शर्यतीबरोबर पैज येते आणि पैजेबरोबर कित्येक घरांची धूळधाण. ती आम्ही पाहिलेली आहे. पगाराच्या दिवशी रेसकोर्सची वाट धरणारा बाप व दारात उभी असलेली आई, हे चित्र आमच्या विद्यार्थ्यांपैकी काहींना अपरिचित नाही. पर्ल डायव्हरवर पैसे लावणारे थोडे सुखी झाले. ट्युडर मिनस्ट्रेलवर लावणारे हजारो बुडाले. घोड्याचा यात काही अपराध नाही. त्यास भाव ठाऊक नसतो. त्याच्याविषयी लिहिताना पैजेची भलामण करावी लागते असे नाही, व आम्ही ती करणार नाही.

पण ट्युडर मिनस्ट्रेल दमला आणि सयाजीराव टिकला, असे का व्हावे? घोडा भरधाव सुटला म्हणजे त्याचा श्वास पावलांशी बांधला जातो. एका झेपेस एक श्वास, यात त्यास बदल करता येत नाही. त्याच्या प्लीहेत तांबड्या रक्तपेशींचा मोठा साठा असतो. धावताना ती आकुंचन पावते व तो साठा रक्तात सोडते, त्यामुळे अंगास अधिक प्राणवायू मिळतो. शिवाय स्नायूंचे तंतू दोन प्रकारचे. काही क्षणात पेटणारे व लवकर विझणारे, काही मंद पण दीर्घ जळणारे. कोणत्या घोड्यात कशाचे प्रमाण अधिक, हे बरेचसे आईबापांकडून येते. सयाजीरावाच्या अंगी दुसऱ्या प्रकारचे धन होते. पल्ला जसजसा वाढत जाई तसतसा तो वर चढे. एक मैलात जिंकणाऱ्याहून तो कितीतरी मागे राहिला. दीड मैलात त्याच विजेत्यास त्याने मागे टाकिले. जूनच्या अखेरीस आयर्लंडात करा येथे त्याने आयरिश डर्बी जिंकली.

आणि मग सप्टेंबर. डॉन्कॅस्टरची सेंट लेजर, पल्ला पावणेदोन मैलांहून अधिक, सुमारे २,९०० मीटर. दोन वर्षांपूर्वी दांतेस जी धावता आली नाही तीच ही शर्यत. हिंदुस्थान स्वतंत्र होऊन तेव्हा महिनादेखील पुरा झाला नव्हता. इकडे पंजाबातून माणसांचे लोंढे चालले होते. तिकडे यॉर्कशायरच्या हिरवळीवर गायकवाडी घोडा उभा होता. एकाच महिन्याच्या पोटात इतिहास किती विसंगत गोष्टी ठेवतो! फ्रान्सचा अरबार नावाचा घोडा त्या दिवशी मोठा प्रतिस्पर्धी होता. पुढच्याच वर्षी अ‍ॅस्कटचा गोल्ड कप जिंकणारा तो हाच. सरळ वाटेला लागल्यावर दोघांची झुंज लागली. ब्रिटने घोड्यास सावरून धरिले होते. शेवटच्या क्षणापर्यंत कोण पुढे हे ठरेना. आणि विजयरेषा ओलांडली तेव्हा सयाजीराव एका डोक्याच्या अंतराने पुढे होता. २,९०० मीटर धावून अंतर केवळ डोक्याएवढे! मिगोली तिसरा आला. आंधळ्या थोरल्या भावाचे राहिलेले काम धाकट्याने पुरे केले. घोड्यांस भावाची आठवण राहत नाही. पण त्या उत्तरेतल्या प्रेक्षकांना ती नक्कीच झाली असेल.

पुढच्या वर्षी, १९४८ साली, त्याने अ‍ॅस्कट येथे हार्डविक स्टेक्स जिंकली. त्याच साली महाराजांच्या ‘माय बाबू’ या दुसऱ्या घोड्याने दोन हजार गिनींची शर्यत मारली. हे विजय येत असता बडोद्यात मात्र वेगळेच वारे वाहू लागले होते. राज्याच्या तिजोरीतून महाराजांनी मोठ्या रकमा उचलल्या अशी तक्रार तेथील विधिमंडळात १९४८ साली उघड झाली. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. १९५१ साली भारत सरकारने प्रतापसिंहरावांची राजा म्हणून असलेली मान्यता काढून घेतली, व त्यांचे चिरंजीव फत्तेसिंहराव यांस ती दिली. १९६८ साली प्रतापसिंहराव लंडनमध्ये वारले. केवळ घोड्यांमुळे हे झाले असे म्हणणे अन्यायाचे होईल. राजकारणाची कारणे त्याहून मोठी होती. पण शिंगराच्या त्या २८,००० गिनी लोकांच्या स्मरणातून गेल्या असतील असे आम्हास वाटत नाही.

शर्यतीतून निवृत्त झालेल्या घोड्याचे पुढे काय होते, असे मुले हटकून विचारतात. नामांकित असेल तो पैदाशीस जातो. बाकीच्यांचे नशीब त्यांच्या मालकाच्या मनावर. आपल्या पुण्यात या प्रश्नातून एक अपूर्व गोष्ट निघाली, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. १९४६ साली स्थापन झालेल्या पूनावाला घराण्याच्या घोडपैदास केंद्रातून निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेस दिले जात. तेथे त्या घोड्यांस धनुर्वातासारख्या रोगांचे विष बेताबेताने टोचीत. घोड्याचे रक्त त्यावर उतारा तयार करी. मग थोडे रक्त काढून त्यातील लस माणसांसाठी वापरीत. आपलेच घोडे देऊन लस बाहेरून का घ्यावी, या विचारातून सायरस पूनावाला यांनी १९६६ साली हडपसर येथे सिरम इन्स्टिट्यूट काढली. डर्बी न जिंकलेल्या कित्येक अनामिक घोड्यांच्या रक्ताने असे माणसांचे प्राण वाचविले आहेत. वंशावळीच्या पुस्तकात या उपकाराचा रकाना नाही.

सयाजीराव पैदाशीस गेला. त्याचा भाऊ दांते हाही पैदाशीत यशस्वी ठरला. धाकटा त्याच्या तोडीचा होता की नाही याविषयी जाणकारांत वाद होऊ शकेल. परंतु टिकाव धरण्याचा गुण मात्र त्याने पुरेपूर पुढे दिला. त्याची मुलगी ‘ग्लॅडनेस’ हिने १९५८ साली अ‍ॅस्कटचा गोल्ड कप जिंकला. पल्ला अडीच मैल, म्हणजे ४,००० मीटर, आणि समोर नर घोडे. दुसरी मुलगी ‘लिंक्रिस’ हिने १९६० साली आयरिश ओक्स जिंकली. आयर्लंडच्या किल्डेअर परगण्यात बडोद्याचे नाव धारण करणारे घोडपैदास केंद्र आजही आहे. तेथील तबेल्यात काम करणाऱ्या आयरिश पोरांना बडोदे कोठे आहे हे ठाऊक असेल की नाही, कोण जाणे. दावडी तर नसणारच.

वॉरन प्लेसचा तो तबेला पुढे दुसऱ्यांच्या हाती गेला. सयाजीरावाचा बाप नेआर्को चौदा शर्यती धावून चौदा जिंकला होता, हे वर आलेच आहे. त्याच वॉरन प्लेसमध्ये, हेन्री सेसिल यांच्या देखरेखीखाली, २०१० ते २०१२ या वर्षांत फ्रँकेल नावाचा घोडा तयार झाला. तो नेआर्कोच्याच नरवंशातला. तोही चौदा शर्यती धावला, आणि चौदाही जिंकला.

हे सारे आम्ही चाकणच्या त्या विद्यार्थ्यास वाचून दाखविले. तो लक्ष देऊन ऐकत होता. शेवटी त्याने एवढेच विचारले, “सर, त्या घोड्याचा मोतद्दार कोण होता?” आम्ही बरीच पाने उलटली. राजाचे नाव होते, ट्रेनरचे होते, स्वाराचे होते.